व्याधी देहाची, हानी दृष्टीची

गोंदिया तालुक्यातील कामठा हे गाव इतिहासात एका मोठ्या जमीनदारीचे ठाणे म्हणून ओळखले जाते. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात या जमीनदारीचा परिसरात मोठा दबदबा होता. १८१८ साली येथील जमीनदार चिमना पटेल यांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले, तेव्हा कंपनी सरकारला कामठ्यावर फौज पाठवावी लागली. त्या लढाईची आठवण जुन्या नोंदींत शिल्लक आहे. परंतु याच मुलखात पिढ्यान्‌पिढ्या आणखी एक लढाई चालू होती आणि तिची नोंद कोणत्याही बखरीत झाली नाही. ती लढाई अंधत्वाशी होती. कोणाच्या डोळ्यांत लहानपणीच फूल पडे, कोणाला दिवेलागणीनंतर दिसेनासे होई, कोणाच्या पापण्या मिटेनाशा होत. दैवाला बोल लावून माणसे तो अंधार सोसत राहिली.

यांतील कितीतरी जणांच्या डोळ्यांत मूळचा दोष नव्हता, हे आज निश्चितपणे सांगता येते. रोग रक्तात, नसांत, कातडीत किंवा अन्नाच्या अभावात होता आणि डोळ्यांनी त्याची किंमत मोजली. देहातील इतर व्याधी दृष्टी कशी हिरावून नेतात हे माणसाला कसे उमगत गेले आणि त्या ज्ञानाने पूर्व विदर्भासारख्या प्रदेशात काय साधले, याचा हा धावता आढावा आहे.

बंद खिडकी उघडली

डोळ्यांचे विकार आणि उर्वरित देह यांचा संबंध आपल्या प्राचीन वैद्यकाला अपरिचित नव्हता. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्राचा आरंभच नेत्ररोगांनी होतो आणि तेथे ७६ नेत्ररोगांची गणना केलेली आहे. बिघडलेले दोष शिरांच्या वाटेने वर चढून नेत्रात विकार उत्पन्न करतात, असा त्या शास्त्राचा सिद्धान्त होता. मात्र बाहुलीच्या काळ्या वर्तुळापलीकडे काय घडते, हे प्रत्यक्ष पाहण्याचे साधन त्या काळी कोणाजवळच नव्हते. १८१८ साली कामठ्यावर फौज चालून आली, तेव्हाही जगातील वैद्यकाची स्थिती याबाबतीत फारशी वेगळी नव्हती.

ही बंद खिडकी १८५१ साली उघडली. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी नेत्राचा अंतर्भाग पाहण्याचे साधन, म्हणजे ऑप्थॅल्मोस्कोप, जगापुढे ठेवले. त्याची युक्ती साधी होती. प्रकाशाचा किरण बाहुलीतून आत सोडायचा आणि परत येणारा प्रकाश त्याच रेषेतून पाहायचा. डोळ्याच्या मागील भागात असणारा दृष्टिपटल नावाचा पातळ पडदा, त्यावरील नाजूक रक्तवाहिन्या आणि मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टिचेतेचे टोक प्रथमच स्पष्ट दिसू लागले. शस्त्र न लावता जिवंत माणसाच्या रक्तवाहिन्या इतक्या सहज पाहता येतील असे दुसरे स्थान देहात नाही. पुढील काही वर्षांतच मधुमेहाने आणि मूत्रपिंडाच्या रोगाने पीडित झालेल्या रुग्णांच्या दृष्टिपटलावरील बदलांची वर्णने युरोपातील वैद्यांनी प्रसिद्ध केली. डोळा हा केवळ पाहणारा अवयव न राहता देहाच्या प्रकृतीचा साक्षीदार ठरला.

देवीचे फूल

या मुलखातील जुन्या पिढीला अंधत्वाचे सर्वांत परिचित रूप होते ते देवीच्या रोगाचे. ताप उतरे, अंगावरच्या खपल्या गळून पडत, मूल वाचले म्हणून घरात सुटकेचा निःश्वास सोडला जाई आणि मग लक्षात येई की एक किंवा दोन्ही डोळे पांढुरके झाले आहेत. देवीच्या रोगात बुबुळावरील पारदर्शक पटलाला व्रण पडत. व्रण भरून आला तरी वण राही आणि त्यातून प्रकाश आत जात नसे. यालाच लोक फूल पडणे म्हणत. श्रीमंत आणि गरीब असा भेद या रोगाने केला नाही. पंजाबचे महाराजा रणजितसिंह यांचा एक डोळा लहानपणी देवीनेच गेला होता.

झालेली हानी भरून काढण्याचे औषध कोणत्याही नेत्रवैद्याकडे नव्हते. उपाय होता तो रोगच होऊ न देण्याचा. इंग्लंडमध्ये १७९६ साली जेन्नर यांनी गोस्तन देवीची लस टोचण्याचा प्रयोग केला आणि १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातील पहिली लस टोचण्यात आली. मुंबईत पोहोचलेली ही लस खेड्यापाड्यांतील शेवटच्या घरापर्यंत जाण्यास पावणेदोनशे वर्षे लागली. भारतातील देवीचा अखेरचा रुग्ण मे १९७५ मध्ये आढळला आणि एप्रिल १९७७ मध्ये देश देवीमुक्त घोषित झाला. दंडावर देवी काढल्याची खूण मिरविणारी पिढी आज पन्नाशीच्या आसपास किंवा त्यापुढे आहे. त्या खुणेने केवळ प्राण वाचविले असे नव्हे, असंख्य डोळेही वाचविले.

धानाच्या मुलखातील रातांधळेपणा

दुसरे अंधत्व पोटातून आले. भंडारा-गोंदियाचा प्रदेश धानाचा. तलावांच्या पाण्यावर पिकणारा तांदूळ हाच येथील मुख्य आहार. परंतु सडलेल्या तांदळात जीवनसत्त्व ‘अ’ जवळजवळ नसते. ज्या घरी भाताच्या जोडीला दूध, तूप, हिरवी भाजी किंवा पिवळे फळ पुरेसे मिळत नसे, त्या घरच्या मुलांना प्रथम सायंकाळी दिसेनासे होई. अंधुक प्रकाशात पाहण्यासाठी दृष्टिपटलाला जे द्रव्य लागते ते या जीवनसत्त्वापासून बनते. त्याचा तुटवडा वाढला की डोळ्यांचा ओलावा आटतो, पांढऱ्या भागावर फेसासारखे ठिपके दिसतात आणि अखेरीस बुबुळ मऊ पडून फुटते. अशा कुपोषित मुलाला गोवर किंवा अतिसार झाला तर हा सारा प्रवास थोड्या दिवसांत पुरा होतो.

जीवनसत्त्व ‘अ’चा शोध १९१३ साली लागला. भारतात १९७० पासून बालकांना या जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आज नवव्या महिन्यात पहिला, नंतर दर सहा महिन्यांनी एक, असे पाचव्या वर्षापर्यंत एकूण नऊ डोस दिले जातात. आरोग्यसेविका आणि अंगणवाडी सेविका यांच्या हातातील त्या चमचाभर औषधाचे मोल कोणत्याही शस्त्रक्रियेपेक्षा कमी नाही.

येथे जैन कुटुंबांच्या दृष्टीने एक खुलासा उपयुक्त ठरेल. डोळ्यांसाठी गाजर खावे असा सल्ला सर्रास दिला जातो आणि कंदमूळ वर्ज्य असलेल्या घरांत त्यामुळे शंका निर्माण होते. पिकलेला आंबा, पपई, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, पालक, दूध आणि तूप यांतूनही या जीवनसत्त्वाची गरज उत्तम प्रकारे भागते. मात्र जीवनसत्त्व ब-१२ ची बाब निराळी आहे. ते वनस्पतींत मिळत नाही. शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दूध व दुधाच्या पदार्थांतून मिळते. त्याची दीर्घकाळ उणीव राहिल्यास हातापायांना मुंग्या येतात आणि क्वचित दृष्टिचेताही दुबळी होते. दूध न पचणाऱ्या किंवा न घेणाऱ्या वृद्धांनी रक्ताची साधी तपासणी करून घ्यावी. उणीव वेळीच भरून काढता येते.

न मिटणारी पापणी

पूर्व विदर्भाच्या नशिबी कुष्ठरोगाचे ओझे दीर्घकाळ राहिले. या रोगाचे जंतू नॉर्वेतील हॅन्सन यांनी १८७३ साली दाखविले. लोक झडलेली बोटे पाहत, पण त्याच रोगाने डोळेही जात, याकडे फारसे लक्ष जात नसे. चेहऱ्याची नस निकामी झाली की पापणी पूर्ण मिटत नाही. बुबुळाची संवेदना नेणारी नस बधिर झाली की डोळ्यांत खडा गेला तरी कळत नाही. उघडा आणि बधिर डोळा धुळीने, उन्हाने झिजत जातो आणि रुग्णाला वेदना नसल्याने तो वैद्याकडे जात नाही. काही रुग्णांत डोळ्यांच्या आतील भागालाही सूज येते. हातापायांची स्पर्शसंवेदना आधीच हरपलेली, त्यात दृष्टी गेली, म्हणजे त्या माणसाचा जगाशी असलेला शेवटचा दुवाही तुटला.

विदर्भाने या रुग्णांना आधार देणाऱ्या थोर संस्था उभ्या केल्या. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ साली काम आरंभिले. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी तपोवन उभारले. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांचे आनंदवन साकारले. १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार खेड्यांपर्यंत पोहोचू लागला आणि चित्र पालटले. वेळीच गोळ्या सुरू झाल्या तर नस वाचते आणि नस वाचली तर डोळा वाचतो. म्हणून अंगावरील बधिर चट्टा आजही दुर्लक्षिण्याची गोष्ट नाही. २००५ अखेर देशाने निर्मूलनाची ठरविलेली पातळी गाठली असली, तरी या भागात नवे रुग्ण आढळणे थांबलेले नाही.

रक्तातील विळा

चौथा रोग शतकानुशतके येथे होता, पण त्याला नाव नव्हते. सांधे ठणकणे, वारंवार कावीळ, रक्ताची कमतरता आणि अल्पवयात मृत्यू अशा खुणांनी तो घराघरांत वावरत होता. अमेरिकेत १९१० साली हेरिक यांनी विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींचे वर्णन केले. भारतात १९५२ साली निलगिरीतील आदिवासींत ही विकृती प्रथम आढळली आणि १९५८ साली शुक्ला व सोलंकी यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतातील सिकलसेलची नोंद प्रसिद्ध केली. पुढील अभ्यासांतून विदर्भाचे पूर्वेकडील जिल्हे आणि त्यांत गोंदियाही या आजाराच्या पट्ट्यात असल्याचे स्पष्ट झाले. हा आजार आनुवंशिक आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता चारांत एक असते.

विळ्यासारख्या ताठर पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. दृष्टिपटलाच्या कडेला असलेल्या अतिसूक्ष्म वाहिन्या अशाच बंद पडतात, त्या भागाचे रक्त तुटते आणि ते भरून काढण्यासाठी शरीर नव्या पण कच्च्या वाहिन्या निर्माण करते. त्या फुटल्या तर डोळ्यांत रक्तस्राव होतो आणि पुढे पडदाही सुटू शकतो. दुर्दैवाची गोष्ट अशी की, कडेचा भाग बिघडत असताना मधली नजर शाबूत राहते. तक्त्यावरील शेवटची ओळ वाचणारा तरुण आपले डोळे निर्दोष आहेत अशा समजुतीत राहतो. बाहुली मोठी करून पडदा तपासल्यावाचून हा बिघाड कळत नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले असून २०४७ पर्यंत हा आजार हटविण्याचे ध्येय आहे. रक्ततपासणीच्या या मोहिमेला जोडूनच प्रत्येक रुग्णाच्या दृष्टिपटलाची तपासणी होणे अगत्याचे आहे.

गोड व्याधीचा कडू शेवट

मे १९५४ मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडारा जिल्ह्याचाच भाग होता आणि तो जिल्हा मध्य प्रदेश राज्यात होता. या निवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उमेदवार होते. त्यांचे वय ६३ वर्षांचे होते. भारताची राज्यघटना साकारणारा हा महापुरुष तेव्हा मधुमेहाने ग्रासलेला होता. १९४८ साली डॉ. शारदा कबीर, म्हणजे पुढच्या डॉ. सविता आंबेडकर, यांच्याशी त्यांचा विवाह झाला, तोही मुंबईतील उपचारांच्या काळात झालेल्या परिचयातून. पोटनिवडणुकीत बाबासाहेबांचा पराभव झाला आणि त्या वर्षी जून ते ऑक्टोबर हा काळ त्यांना अंथरुणात काढावा लागला. मधुमेह, नसांची दुखणी आणि मंदावलेली दृष्टी यांचा उल्लेख त्यांच्या अखेरच्या वर्षांच्या वृत्तान्तात एकत्रच येतो. ज्यांनी आयुष्यभर ग्रंथांच्या सहवासात रात्री जागविल्या, त्यांना वाचनासाठी डोळे साथ देईनात, यापरते दुःख कोणते असणार? तशाही अवस्थेत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे काम त्यांनी सोडले नाही. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महानिर्वाण झाले आणि तो ग्रंथ १९५७ साली प्रकाशित झाला.

त्या काळी मधुमेहावर इन्सुलिन उपलब्ध होते, कारण त्याचा शोध १९२१ साली लागला होता. परंतु मधुमेहाने बिघडणाऱ्या दृष्टिपटलावर वैद्यकाजवळ खात्रीचा उपाय नव्हता. लेसर किरणांचा शोधच मुळी १९६० चा. वाढलेली साखर वर्षानुवर्षे बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कमकुवत करीत राहते. त्या झिरपू लागतात, मधल्या पडद्याला सूज येते, काही बंद पडतात, नव्या कच्च्या वाहिन्या फुटून डोळ्यांत रक्त उतरते. या संपूर्ण काळात ना डोळा दुखतो, ना लाल होतो.

गेल्या अर्धशतकात हे चित्र बदलले. १९७६ साली अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाने सिद्ध केले की, वेळेवर केलेल्या लेसर उपचाराने गंभीर दृष्टिनाशाचा धोका निम्म्याहून कमी होतो. १९९८ साली इंग्लंडमधील दीर्घ अभ्यासाने दाखविले की, साखरेबरोबर रक्तदाबही काटेकोर ठेवला तर डोळ्यांचे रक्षण होते. गेल्या सुमारे वीस वर्षांत पडद्याची सूज उतरविणारी इंजेक्शनेही आली. १९५४ साली देशातील थोरात थोर माणसालाही जे मिळणे शक्य नव्हते, ते आज सामान्य गृहस्थाच्या आवाक्यात आले आहे. तरीही देशात ५० वर्षांवरील मधुमेहींपैकी सुमारे १७ टक्के लोकांच्या दृष्टिपटलावर मधुमेहाचा परिणाम झाल्याचे २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आढळले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतातील मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक आहे. बैठे काम, दुकानाची गादी आणि गोडाधोडाचा पाहुणचार असलेल्या व्यापारी कुटुंबांनी हे आकडे परके मानू नयेत.

डोळ्यांत उमटणाऱ्या इतर खुणा

वाढलेला रक्तदाब दृष्टिपटलातील वाहिन्या अरुंद व कठीण करतो आणि एखादी शीर अचानक बंद पडून एका डोळ्याची दृष्टी जाऊ शकते. काही क्षण एका डोळ्यापुढे अंधार येऊन पुन्हा दिसू लागणे, ही मानेतील रक्तवाहिनीत अडथळा असल्याची आणि येऊ घातलेल्या पक्षाघाताची सूचना असू शकते. थायरॉइड ग्रंथीच्या विकारात डोळे पुढे आल्यासारखे दिसतात. कावीळ पांढऱ्या बुबुळात प्रथम दिसते, तर रक्ताची कमतरता पापणीच्या आतील फिकेपणात. क्षयरोग आणि संधिवात यांमुळे डोळ्यांच्या आत सूज येते. कधी रोगाऐवजी औषधच कारण ठरते. क्षयावरील इथॅम्ब्युटॉल या गोळीने क्वचित दृष्टिचेता बाधित होऊन रंग फिके दिसू लागतात. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडने मोतीबिंदू व काचबिंदू होऊ शकतो. म्हणून नेत्रतज्ज्ञांकडे जाताना चालू असलेली सर्व औषधे बरोबर न्यावीत.

शिबिराच्या रांगेत नसलेला माणूस

आपल्याकडे नेत्रसेवा म्हटली की मोतीबिंदूचे शिबिर डोळ्यांपुढे येते आणि ते योग्यच आहे. १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाचाही मुख्य भर त्यावरच राहिला. ५० वर्षांवरील लोकांत आजही सुमारे दोन तृतीयांश अंधत्व मोतीबिंदूमुळे आहे आणि धर्मादाय संस्थांनी भरविलेल्या शिबिरांनी लक्षावधी लोकांना पुन्हा जग दाखविले. परंतु मोतीबिंदूचा रुग्ण स्वतः शिबिरात येतो, कारण त्याला दिसत नाही. मधुमेहाचा, रक्तदाबाचा किंवा सिकलसेलचा रुग्ण येत नाही, कारण त्याला दिसत असते. ज्या दिवशी तो येतो, त्या दिवशी बहुधा फार उशीर झालेला असतो. मोतीबिंदूने गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने परत मिळते. दृष्टिपटल किंवा दृष्टिचेता निकामी झाल्याने गेलेली दृष्टी बहुतांशी परत मिळत नाही.

म्हणूनच नेत्रशिबिराच्या पहिल्या टेबलावर साखर आणि रक्तदाब तपासण्याची सोय असावी आणि ज्यांना हे आजार आहेत अशांना नजर चांगली असतानाच बोलावून आणावे. प्रौढवयात मधुमेहाचे निदान होताच आणि त्यानंतर दरवर्षी बाहुली मोठी करून दृष्टिपटल तपासावे. मधुमेही स्त्रीने गर्भारपणाच्या आरंभीच ही तपासणी करावी. सिकलसेलग्रस्त मुलांची तपासणी दहाव्या वर्षाच्या सुमारास सुरू करावी. डोळ्यांपुढे अकस्मात काळे ठिपके वा पडदा आल्यास, दोन दोन दिसू लागल्यास किंवा दृष्टी एकाएकी गेल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. कामठ्याच्या माणसाला त्यासाठी पूर्वीप्रमाणे नागपूरच गाठावे लागते असे नाही. गोंदिया येथे २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू आहे.

देवीचे फूल या मुलखातून कायमचे गेले. रातांधळेपणा हटत आला, न मिटणाऱ्या पापण्या विरळ झाल्या. यांपैकी एकही विजय केवळ डोळ्यांत औषध घालून मिळालेला नाही. दंडावर टोचलेली लस, मुलाच्या मुखी पडलेला चमचा आणि नियमाने घेतलेल्या गोळ्या यांनी ते डोळे वाचविले. राहिलेली लढाई साखरेशी, रक्तदाबाशी आणि सिकलसेलशी आहे, आणि ती जिंकण्याची साधने आता घराजवळ आहेत. ज्यांना आज स्वच्छ दिसते त्यांनीच आधी तपासणीला जावे, एवढीच तिची अट आहे.